खाली चार जणी



गेल्या चातुर्मासात पुलगावातलीच एक ओळखीची ताई घरी आली. साबणाबद्दल दोन वाक्यं बोलली, मग अर्धा तास एकच: पाच हजार भरा, खाली चार जणी जोडा.

हे दुखणं जुनंच. माणसं जोडून झटपट पैसा देणाऱ्या साखळी योजनांवर संसदेने १९७८ मध्येच बंदी घातली. पुढे १९९० नंतर परदेशी कंपन्या घरोघरी डबे आणि क्रीम घेऊन आल्या, तेव्हा खरी विक्री कुठली आणि साखळी कुठली हे कळेनासं झालं. २०१६ मध्ये केंद्राच्या मार्गदर्शक सूचना आल्या: कमाई माल विकून व्हावी, सभासद जोडून नाही, प्रवेश फी घेऊ नये. डिसेंबर २०२१ पासून तर ग्राहक संरक्षण कायद्याखाली नियमच आहेत. ओळखपत्राशिवाय आणि आधी विचारल्याशिवाय विक्रेतीने कुणाच्या घरी जायचं नाही.

आपल्या तत्त्वार्थसूत्रात अचौर्यव्रताच्या अतिचारांत खोटं माप आणि भेसळीच्या शेजारी ‘विरुद्धराज्यातिक्रम’ आहे, म्हणजे राज्याचा नियम डावलून केलेला व्यवहार. पाठ करताना मी या शब्दावरून नेहमी घाईने पुढे जायचे!

ताईकडे ओळखपत्र मागितलं. नव्हतं. तिनेही पाच हजार भरले होते, नणंदेकडून उसने घेऊन.