हायकूचा जुना कंपायलर
प्रोग्रामरने लिहिलेली आज्ञावली यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपायलर मोजक्याच लोकांच्या वापरातील संगणक प्रणालीवर चालता ठेवणे किती चिकाटीचे काम असते, हे हायकू या प्रणालीच्या इतिहासात दिसते. 2001 मध्ये बी कंपनीची मालमत्ता पाम कंपनीकडे गेली, तिची बीओएस प्रणाली खुंटली, आणि त्याच वर्षी स्वयंसेवकांनी ती मुक्त स्वरूपात नव्याने लिहायला घेतली; तीच पुढे हायकू झाली. जुने प्रोग्राम जसेच्या तसे चालावेत, हा त्यांचा आग्रह होता. परंतु ते प्रोग्राम जीसीसी या कंपायलरच्या दुसऱ्या पिढीने बांधलेले होते, आणि 2001 मध्येच आलेल्या तिसऱ्या पिढीने सी प्लस प्लसमधील अंतर्गत नामरचना बदलली. जुना कंपायलर फंक्शनचे नाव आधी आणि त्याच्या क्लासचे नंतर नोंदवी. नवा अंडरस्कोअर व झेड या अक्षरांनी सुरुवात करून क्लासचे नाव आधी घेतो, त्यामुळे दोघांनी बांधलेले भाग परस्परांना ओळखतच नाहीत. म्हणून 32 बिटी हायकूत दोन कंपायलर आणि लायब्ररींचे दोन संच शेजारी नांदतात, आणि जीसीसी प्रकल्पाने केव्हाच मागे टाकलेली 2.95 ही आवृत्ती हायकूचे लोक स्वतःच सांभाळत आले. ही निष्ठा खरोखर आदरास पात्र आहे. 64 बिटी हायकूवर हे ओझे नाही, कारण बीओएसचे 64 बिटी प्रोग्राम कधी नव्हतेच.