पाठीवरचे बिऱ्हाड : तंबू, राहुटी आणि पाल

‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण मराठी माणूस बहुधा दुसऱ्याविषयी वापरतो. दर दोन वर्षांनी बदली होणारा कारकून, घरमालकाने घालवून दिलेला भाडेकरू, गावोगाव फिरणारी नाटकमंडळी यांच्या वाट्याला ती येते. तिच्यात थोडी कीव असते, थोडी थट्टाही असते. ज्याच्या दाराला उंबरठा नाही त्याचे काही खरे नाही, हे आपल्या भाषेने फार पूर्वीच ठरवून टाकले आहे. अशा भाषेत वाढलेल्या आम्हा दोघांनी, उभा जन्म मराठी शिकवण्यात घालवल्यावर, विंचवाचे हे बिऱ्हाड चार दिवसांसाठी रोख भाडे मोजून घेतले, यातला विनोद आमच्या लक्षात आला नाही असे नाही.

दिवाळी उलटून गेली होती. नाशिक-त्र्यंबकवरून मोखाडा, तेथून जव्हार, आणि पुढे वांगणीच्या बाजूला, असा आमचा मार्ग होता. गाडीत दोघांपुरती शय्या, दोन शेगड्यांचा ओटा, पाण्याची टाकी आणि घडी घालून भिंतीला लावता येणारे मेज एवढेच होते. सुख म्हणाल तर फार साधे. मागचे दार उघडून त्यात पाय सोडून बसावे, समोर कापणी झालेल्या नाचणी-वरईच्या उतारावर ऊन सरकत यावे, आणि चहा उकळेपर्यंत कोणी काही बोलू नये. एकाला उठायचे तर दुसऱ्याने पाय जवळ घ्यायचे, हा नियम पहिल्याच संध्याकाळी आपोआप लागू झाला. रुसून दुसऱ्या खोलीत जाण्याची सोय नसल्याने रुसवे लवकर संपत, हाही एक शोधच. चाळीस वर्षांच्या संसारात जे अंतर घराच्या भिंतींनी गुपचूप राखले होते, ते साडेपाच फूट रुंदीच्या गाडीत राखता येईना. आणि ते राखण्याची गरज कधीच नव्हती, असे आम्हाला तिसऱ्या दिवशी वाटू लागले.

या सुखाचा युरोपीय इतिहास बहुतेकदा गॉर्डन स्टेबल्स या निवृत्त नौदल डॉक्टरापासून सांगितला जातो. १८८५ साली त्याने ब्रिस्टलच्या कारखान्यातून ‘वाँडरर’ नावाची, घोड्यांनी ओढायची प्रशस्त घरगाडी बांधून घेतली आणि तो इंग्लंड-स्कॉटलंडच्या रस्त्यांवर निघाला. कल्पना रस्त्यावरच्या जिप्सींची. बरोबर मात्र गाडीवान, आणि तिचाकी सायकलवरून पुढे जाऊन रस्ता मोकळा आहे का ते पाहणारा एक नोकर. भटकेपणाची हौस भागवायलाही घरी नोकर असावा लागतो, हे या कथेतून सहज कळते. बायको मात्र या बिऱ्हाडात नव्हती.

जोडप्याच्या फिरत्या संसाराचा दाखला त्याच दशकात मराठीत सापडतो, आणि आमच्या मते तो अधिक मोलाचा आहे. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याखाली पुणे, सातारा, नगर आणि सोलापूर या जिल्ह्यांतील न्यायालयांची तपासणी करण्याच्या कामावर महादेव गोविंद रानडे यांची नेमणूक झाली. ही फिरतीची नोकरी. रमाबाई त्यांच्याबरोबर जात. १९१० साली प्रसिद्ध झालेल्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या त्यांच्या पुस्तकाकडे विद्यार्थी सहसा सुधारणेच्या इतिहासाचे साधन म्हणून पाहतात. आमची विनंती अशी की, ते एकदा घरांच्या दृष्टीने वाचावे. पुण्याचे घर माणसांनी भरलेले. तेथे वडीलधाऱ्या बायकांना रमाबाईंचे शिकणे खपत नव्हते. पुस्तक हाती धरले की टोमणे, बोलाचाली, अबोला. नवरा बाहेर समाजाशी वाद घालणारा, पण घरातल्या या बाबतीत बायकोने सोसावे असे मानणारा. फिरतीवर निघाले की हे सारे मागे राही. बैलगाड्या, तंबू, नवा गाव, आणि दोघे. अकराव्या वर्षी लग्न होऊन, वीस-एकवीस वर्षांनी मोठ्या असलेल्या विधुराच्या घरी आलेल्या मुलीला आपल्या नवऱ्याशी बोलायला मिळाले ते असे, मुक्कामांवर. एकत्र कुटुंबाच्या वाड्यात जोडप्याला दिवसाउजेडी एकमेकांकडे पाहण्याचीही चोरी होती. जोडपे म्हणून वावरायला जागा मिळाली ती कापडी भिंतींत. मराठी दांपत्यजीवनाच्या इतिहासात या तंबूची नोंद कोणी करत नाही, ती व्हायला हवी.

येथे जरा शब्दांपाशी थांबू. साहेबाचा तो ‘तंबू’. फौजेची ती ‘राहुटी’. आणि कैकाड्याचे, वडाराचे, डोंबाऱ्याचे ते ‘पाल’. काठ्या-दोऱ्या-कापड सर्वत्र तेच; आत कोण राहतो यावर नाव ठरते. रानडे दांपत्याचा तंबू गावाबाहेर पडला की गावकरी अर्ज घेऊन येत असतील. पाल पडले की पाटलाकडे हजेरी. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कित्येक जमातींचे फिरणे हाच संशयाचा पुरावा ठरवला, आणि तो कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडावे लागले. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’मध्ये (१९८०) गाढवांच्या पाठीवरचे जे बिऱ्हाड गावोगाव जाते, त्यातही एक नवरा आहे, एक बायको आहे. टोपल्या विणत, शिव्या खात, पोरे वाढवत ती दोघे चालतात. त्यांच्यात सुखाचे क्षण नसतील असे मानणे हाही आपला एक उद्धटपणाच. पण त्या क्षणांवर त्यांचा ताबा नव्हता. कधी निघायचे हे दुसराच कोणी ठरवत असे.

मध्यमवर्गीय जोडप्याचा प्रवास त्यानंतर मराठीत हसतखेळत आला. पु. ल. देशपांडे यांचे ‘अपूर्वाई’ (१९६०) घराघरांत वाचले गेले. ‘आहे मनोहर तरी’ (१९९०) येईपर्यंत त्या संसाराची सहप्रवाशाने मांडलेली बाजू आपल्याला ठाऊक नव्हती. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचणे हा एक स्वतंत्र अभ्यास होईल. असो.

२०२१ साली महाराष्ट्र शासनाने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. पाठीवरच्या बिऱ्हाडाला १८७१ मध्ये हजेरी होती, आता उत्तेजन आहे. अर्थात, कोणत्या बिऱ्हाडाला, हे वेगळे सांगायला नको.

वांगणीच्या पाड्याजवळ आम्ही गाडी उभी केली तेव्हा हे सारे डोक्यात असेच विस्कळीत होते. वावर-वांगणी हे जोडनाव आमच्या पिढीला १९९२-९३ च्या बालमृत्यूंमुळे ठाऊक झाले. कुपोषणाने मुले दगावली, वर्तमानपत्रांनी लिहिले, मंत्र्यांच्या गाड्या डोंगर चढून आल्या. त्याआधीही या डोंगरांतील जोडप्यांचा हिशेब निराळाच होता. ठाणे जिल्ह्याच्या वारली मुलखात, लग्नासाठी सावकाराकडून पैसे घेतले म्हणून नवराबायको दोघेही त्याच्याकडे बांधली जात. अशा गड्याला ‘लग्नगडी’ म्हणत. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) या पुस्तकामुळे ही प्रथा आणि १९४५ पासूनचा तिच्याविरुद्धचा लढा मराठी वाचकापर्यंत पोहोचला. बंधन सुटले, हिशेबाचे एकक मात्र टिकले. ऊसतोडीत एक जोडपे म्हणजे एक ‘कोयता’. येथून खाली भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात तीही बहुधा जोडपीच. पावसाळ्यात घेतलेली उचल फेडायला, भातनाचणी घरात आली की भांडीकुंडी, कोंबड्या आणि पोरांसकट.

एक म्हातारे गृहस्थ जवळ आले. गाडीच्या दारातून दिसणारे पातेले, गादी, पाण्याचा कॅन त्यांनी नीट पाहिला आणि अगदी सहजपणे विचारले, “कोणत्या भट्टीवर?” या दिवसांत संसार गाडीत घालून निघालेले जोडपे दुसरे कुठे जाणार? भट्टी नाही, उगीच फिरायला निघालो, असे आम्ही सांगितले. उचल किती घेतली, हा त्यांचा पुढचा प्रश्न. उलट आम्हीच दिवसाचे भाडे देतो, हे ऐकल्यावर ते मनापासून हसले आणि बायकोला हाक मारायला गेले.

त्या बाई आल्या. त्यांनी ओटा हाताने चाचपला, गादी दाबून पाहिली, शेगडी आवडल्याचे सांगितले. मग विचारले, पोर कुठे निजते? गाडी दोघांचीच आहे, असे आम्ही म्हणालो. त्यांनी पुन्हा एकदा आत डोकावले, ओट्याखालच्या रिकाम्या कप्प्याकडे बोट दाखवले आणि म्हणाल्या, “हितं मावंल.”