नजर कोण हाकतं?

परवा माझा नातू म्हणाला, "आजोबा, स्क्रीनवर हल्ली कोणी वाचत नाही, लोक नुसती नजर फिरवतात. डोळ्यांचा स्वभावच तो!" या 'स्वभावा'विषयी आज बोलायचं आहे. त्यासाठी थोडं मागं जाऊ.

१८७९च्या सुमारास पॅरिसमध्ये, एमिल जावाल या नेत्रतज्ज्ञाच्या प्रयोगशाळेत एक गोष्ट ध्यानात आली. वाचताना डोळा ओळीवरून संथ सरकत नाही, तो उड्या मारतो. एके ठिकाणी साधारण पाव सेकंद टेकतो, की पुढची उडी. उडी चालू असताना आपल्याला जवळजवळ काहीच दिसत नाही. सारं वाचन होतं ते या मुक्कामांत.

पण मुक्काम कुठे करायचा, हे कोण ठरवतं? मॉस्कोचे संशोधक आल्फ्रेड यार्बुस यांनी इवलासा आरसा लावलेली टोपी थेट बुबुळावर बसवून नजरेचा माग काढला. त्यांचं पुस्तक १९६७ साली इंग्रजीत आलं. त्यातला एक प्रयोग इल्या रेपिन यांच्या चित्रावरचा आहे: हद्दपारीतून एक माणूस अचानक घरी परतला आहे. बघणारा तोच, चित्रही तेच. बदलले फक्त प्रश्न. 'यांची वयं किती?' असं विचारलं की नजर चेहऱ्यांवर. 'घरची सांपत्तिक स्थिती कशी?' म्हटलं की कपड्यांवर, सामानावर.

आता २००६ सालाकडे या. याकोब नील्सन यांनी २३२ माणसांची नजर वेबपानांवर तपासली. ती इंग्रजी 'एफ' अक्षरासारखी फिरताना दिसली: वर एक आडवी फेरी, खाली दुसरी आखूड, मग डाव्या कडेनं सरळ खाली. लोकांनी हा नियमच मानला. पुढे २०१७मध्ये नील्सन यांच्याच संस्थेनं खुलासा केला, की मजकूर सलग भिंतीसारखा असला, वाचणारा घाईत असला आणि त्याला फारसं स्वारस्य नसलं, तरच असं होतं.

आपल्या नैयायिकांनी हे वेगळ्या वाटेनं सांगितलंच होतं: मनाचा इंद्रियाशी संयोग झाल्याशिवाय प्रत्यक्ष ज्ञान होत नाही.

तेव्हा नातवाला माझं उत्तर असं, की बाबा रे, डोळ्यांना दोष देऊ नकोस. पान उघडण्याआधी स्वतःला विचार, मी इथं काय शोधतोय? तू विचारलं नाहीस, तर पान रचणारा तुझ्या वतीनं ते ठरवून मोकळा होईल.