खुब्याचा कृत्रिम सांधा: झीज आणि थकवा

चालताना खुब्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच ते तीन पट भार येतो, आणि हिंडत्याफिरत्या माणसाच्या एकेका पायाची वर्षाला सुमारे १० लाख पावले पडतात. हाडात पडलेली बारीक चीर शरीर आपणहून भरून काढते. कृत्रिम सांध्याला ती सोय नाही. म्हणून त्याचा इतिहास बहुतांशी पदार्थ कसे हरले याचाच आहे.

बर्लिनचे थेमिस्टोक्लीस ग्लुक यांनी १८९० च्या सुमारास क्षयाने पोखरलेल्या सांध्यांच्या जागी हस्तिदंती सांधे बसवले. जंतुसंसर्गापुढे ते टिकले नाहीत. बोस्टनमध्ये स्मिथ-पीटरसन यांनी १९२३ मध्ये काचेची टोपी वापरली, ती भाराने फुटली. पॅरिसच्या ज्यूदे बंधूंचा ॲक्रिलिकचा गोळा १९४६ मध्ये आला. सुरुवातीला रुग्ण सुखाने चालत. पुढे गोळा झिजे, मोडे, काहींचा तर हालचालीसरशी कुरकुरे.

या कुरकुरीवरूनच इंग्लंडमधील रायटिंग्टन रुग्णालयाचे जॉन चार्नली घर्षणाकडे वळले. पोलादी दांड्यावर लहान गोळा आणि त्याला टेफ्लॉनची वाटी, अशी त्यांची योजना होती. टेफ्लॉन गुळगुळीत खरे, पण काही वर्षांतच वाट्या झिजल्या आणि त्यांच्या भुकटीने भोवतालचे हाड खाल्ले. शेकडो रुग्णांवर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. १९६२ मध्ये त्यांचे तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी पॉलिथिलीनचा तुकडा झीज मोजणाऱ्या यंत्राला लावला. चार्नलींना त्यात अर्थ वाटला नव्हता; तरी यंत्र रात्रंदिवस फिरत राहिले. तीन आठवड्यांत तो तुकडा टेफ्लॉन एका दिवसात झिजते तेवढाही झिजला नाही. चार्नलींनी पुढे दोन्ही पदार्थांची भुकटी स्वतःच्या मांडीत टोचून घेतली. टेफ्लॉन टोचलेल्या जागी गाठी आल्या.

वाटीचा प्रश्न सुटत आला तसा दांडा मोडू लागला. एखादा भार एकदाच दिला तर पोलाद तुटत नाही. तोच भार लाखो वेळा पडला की तुटते; हाच धातूचा थकवा. आगगाडीच्या आसांबाबत जर्मनीत ऑगस्ट व्होलर यांनी एकोणिसाव्या शतकातच हे दाखवून दिले होते. खुब्यात घडते ते असे: दांडा हाडात पक्का धरणारे सिमेंट वरच्या भागात सैल होते, खालचे टोक मात्र घट्ट राहते, आणि दांडा प्रत्येक पावलाला किंचित वाकतो. ताण बाहेरच्या कडेवर येतो, चीर तिथूनच आत शिरते. मोडलेल्या दांड्याच्या तुटलेल्या पृष्ठभागावर चिरेच्या वाटचालीच्या वळ्या उमटलेल्या दिसतात. उपाय म्हणून दांडे जाड आणि गोलसर केले गेले; नायट्रोजनयुक्त पोलाद, घडाईचे कोबाल्ट-क्रोम आणि टायटॅनियमचे मिश्रधातू आले.

आंतरराष्ट्रीय मानकानुसार आज दांड्याच्या नमुन्यांवर प्रयोगशाळेत ५० लाख वेळा भार टाकून पाहिला जातो. पावलांच्या हिशेबाने ही जेमतेम पाच वर्षे होतात. बसवलेला सांधा त्याच्या कित्येक पट अधिक काळ चालावा लागतो.