वाटखर्चाचा आकडा

प्रवासवर्णने पुष्कळांनी लिहिली आहेत; प्रवासाचा जमाखर्च मात्र फार थोड्यांनी जपून ठेवला. डोंगर, सरोवरे आणि राजवाडे यांचे वर्णन करताना लेखणी सैल सुटते, आणि जेवणाला काय पडले, हमालाने किती मागितले, परतताना खिशात काय उरले, हे सांगावयाची वेळ आली की ती संकोचते. इतिहासाच्या दृष्टीने ही मोठी हानी होय. परदेशप्रवास ही श्रीमंतांची मिरास होती. ती साध्या संसारी माणसाच्या आवाक्यात कशी आली, या प्रश्नाचे उत्तर डोंगरांच्या वर्णनात सापडत नाही. ते हिशेबाच्या कागदांत सापडते.

आगगाडी आली, आगबोट आली, पुढे विमान आले आणि प्रवास स्वस्त झाला, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. अठराव्या शतकात इंग्लंडातील उमरावांचे मुलगे शिक्षणाचा शेवटचा संस्कार म्हणून फ्रान्स-इटलीची दीर्घ यात्रा करीत. त्यांच्याजवळ पेढीवाल्यांची पतपत्रे असत. जिथे पैसे संपतील तिथे नवे उचलावयाचे. एकंदर खर्च किती येईल हे निघताना कोणालाच ठाऊक नसे, आणि ठाऊक असण्याची त्यांना गरजही नव्हती. गरज होती ती आठवड्याच्या मजुरीवर घर चालवणाऱ्याला. त्याला आधी शिल्लक टाकावी लागते, आणि एकूण किती टाकावयाची हे कळल्यावाचून पहिले नाणे बाजूला ठेवण्याचा धीर होत नाही. एकोणिसाव्या शतकातील प्रवासक्रांतीचे मर्म मला यातच दिसते. वाटखर्चाचा आकडा घरी बसून, निघण्यापूर्वी, कळू लागला.

या कथेत टॉमस कुक या गृहस्थाचे नाव टाळता येत नाही. लाकूडकामाचा कारागीर, बाप्टिस्ट पंथाचा प्रचारक आणि दारूबंदीचा कट्टर पुरस्कर्ता अशी ही व्यक्ती. ५ जुलै १८४१ रोजी त्याने लेस्टरहून लफबरो या जवळच्या गावी भरणाऱ्या मद्यपाननिषेधाच्या सभेसाठी सुमारे पाचशे माणसे एका खास गाडीने नेली. जाण्यायेण्याचे भाडे माणशी एक शिलिंग. ही गोष्ट सर्वत्र सांगितली जाते, म्हणून मी तिच्यावर रेंगाळत नाही. आपल्या विषयाला खरा आरंभ होतो तो दहा वर्षांनी, १८५१ साली.

त्या वर्षी लंडनच्या हाइड पार्कमध्ये काचेच्या प्रचंड मंदिरात सर्व राष्ट्रांच्या उद्योगांचे प्रदर्शन भरले. प्रदर्शन मे महिन्यात उघडले तेव्हा प्रवेशमूल्य भारी होते. २६ मेपासून मात्र सोमवार ते गुरुवार या चार दिवशी एका शिलिंगात प्रवेश मिळू लागला. शिलिंग म्हणजे पौंडाचा विसावा भाग, आणि बारा पेन्सचा एक शिलिंग. आपल्या रुपये-आणे-पैंच्या हिशेबात वाढलेल्या पिढीला हे समजावयास अडचण पडू नये. पण लँकेशायर-यॉर्कशायरच्या गिरणीकामगाराला एक शिलिंगाच्या तिकिटाने काय होणार? लंडनपर्यंतचे भाडे, दोन-चार रात्रींचा निवारा, जेवण, आणि तितक्या दिवसांची बुडालेली मजुरी हा सगळा बोजा वेगळाच.

यावर उपाय निघाला तो गावोगावच्या वर्गणीमंडळांचा. कामगारांच्या शिक्षणसंस्थांतून, कारखान्यांतून, प्रार्थनामंदिरांतून मंडळे निघाली. सभासदाने दर आठवड्याला काही पेन्स भरावयाचे, चिटणिसाने वहीत मांडावयाचे, आणि प्रदर्शनाच्या दिवसांत जमलेल्या रकमेतून भाडे व निवारा भागवावयाचा. आपल्याकडील भिशीची आठवण व्हावी अशी ही व्यवस्था. फरक इतकाच, की भिशीत पाळी लागते आणि येथे सर्वांची पाळी एकाच वेळी येई. कुक आणि त्याचा तरुण मुलगा जॉन मेसन हे मध्य इंग्लंडच्या गावांतून अशा मंडळांचा प्रचार करीत हिंडले. लंडनमध्ये पिम्लिको भागात टॉमस हॅरिसन नावाच्या माणसाने कारागिरांसाठी मोठे वसतिगृह उभारले. तेथे रात्रीला एक शिलिंग तीन पेन्स देऊन स्वच्छ चादरीवर झोपता येत असे. भाडे ठरलेले, निवारा ठरलेला, प्रवेश ठरलेला. बाकी उरली भाकरी, आणि ती पुष्कळजण घरूनच बांधून आणीत.

पुढे रेल्वे कंपन्यांची आपसांत चढाओढ लागली आणि पंधरा शिलिंगांचे भाडे पाच शिलिंगांवर उतरले. एकट्या कुकने त्या हंगामात दीड लाखाहून अधिक माणसे नेली असे मानले जाते. प्रदर्शनाला एकंदर साठ लाखांवर भेटी झाल्या. मजुरांच्या झुंडी लंडनमध्ये उतरल्या की दंगे होतील, अशी भीती वरच्या वर्गाने आधी व्यक्त केली होती. ७ ऑक्टोबर रोजी एका दिवसात १,०९,९१५ माणसे आत गेली, आणि दंगा काही झाला नाही.

हा प्रवास देशातल्या देशातला होता हे खरे. पण आठवड्याची शिल्लक आणि ठरलेली रक्कम यांची जोडी जमली ती येथे. समुद्र ओलांडावयाचा तर एक नवी अडचण होती. आपल्या देशात भाड्याचा आणि बिछान्याचा दर विचारता येतो. परदेशात भाषा निराळी, नाणे निराळे, आणि हॉटेलच्या हिशेबात शेवटी काय काय निघेल याचा नेम नाही. खोलीत लावलेल्या मेणबत्तीचे वेगळे पैसे, नोकराच्या सेवेचे वेगळे, वाटाड्याचे, खेचराचे, सामान उचलणाऱ्याचे वेगळे. मोठ्या खर्चाला संसारी माणूस डगमगत नाही. तो लग्ने करतो, घरे बांधतो. त्याला भय वाटते ते या फुटकळ आणि अघोषित खर्चाचे.

१८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनाच्या निमित्ताने कुकने बेल्जम, ऱ्हाइन नदी आणि पॅरिस अशी पहिली युरोपची सहल नेली. १८६१ साली सुमारे १,७०० श्रमजीवी लोकांना त्याने पॅरिस दाखवले. दोन्ही उद्योगांत त्याला तोटा आला. तोटा सोसून तो शिकत होता, असे म्हणावयास हरकत नाही.

मग १८६३ चा उन्हाळा आला, आणि सुदैवाने त्या सालच्या सहलीचा कागद आपल्यापाशी आहे. यॉर्कशायरमधील सेल्बी गावची मिस जेमायमा मॉरेल ही एकतीस वर्षांची बाई आपला भाऊ विल्यम व काही स्नेही यांच्यासह कुकच्या पहिल्या स्वित्झर्लंड सहलीत गेली. या मंडळींनी थट्टेने स्वतःला एका गिरिभ्रमण संघाचे नाव दिले, आणि जेमायमाने रोजनिशी लिहिली. न्यूहेवनहून दिएप, तेथून पॅरिस, जिनीव्हा, शामोनीची हिमनदी, खेचरांवरून आणि पायी ओलांडलेली गेमी खिंड, इंटरलाकेन, रिगीच्या शिखरावरचा सूर्योदय, असे तीन आठवडे. रोजनिशीचे हस्तलिखित दुसऱ्या महायुद्धानंतर बाँबहल्ल्यात उद्ध्वस्त झालेल्या इमारतीच्या ढिगाऱ्यात मिळाले आणि सहलीला शंभर वर्षे झाली तेव्हा, १९६३ साली, ते छापले गेले. लांब घेरदार झगे सावरीत बर्फावर चालणाऱ्या त्या बायांचे वर्णन मोठे गमतीचे आहे. आपणांस हवी आहे ती मात्र एक रक्कम. या सर्व प्रवासाला माणशी १९ पौंड १७ शिलिंग ६ पेन्स खर्च आला.

पेन्सांपर्यंतचा हा आकडा मला कोणत्याही सूर्योदयाहून बोलका वाटतो. त्याचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. त्या काळी लंडनच्या चांगल्या कारागिराला आठवड्याला तीस-पस्तीस शिलिंग मिळत. म्हणजे स्वित्झर्लंडची यात्रा ही त्याची तीन महिन्यांच्या आसपासची मजुरी. साहजिकच या सहलीत गिरणीकामगार नव्हते. सुखवस्तू मध्यम वर्ग होता. तथापि, आता रक्कम उघड झाली होती. जो शिक्षक किंवा कारकून दर आठवड्याला दोन शिलिंग बाजूस ठेवू शकेल, त्याला चार वर्षांत आल्प्स गाठता येईल, हे त्याला बोटांवर मोजता येऊ लागले.

यापुढे कुकने केले ते हेच, की फुटकळ खर्चाला एकेक करून कुंपण घातले. १८६८ पासून हॉटेलची कुपने निघाली. घरून निघतानाच न्याहारीची, जेवणाची आणि खोलीची चिठ्ठी विकत घ्यावयाची आणि परक्या गावी ती हॉटेलवाल्याच्या हाती ठेवावयाची; खोलीच्या चिठ्ठीत दिवाबत्ती आणि सेवा धरलेली. मेणबत्तीचा प्रश्न तेथेच मिटला. १८७४ साली फिरत्या हुंड्या सुरू झाल्या. ठरलेल्या दराने त्या परदेशी वटत. हुंडी आपल्या सावकारांना नवीन नव्हती. नवीन होते ते हे, की पेढीवर पत नसलेल्या सामान्य प्रवाशालाही ती मिळू लागली.

हे सर्वांना रुचले असे नव्हे. इटलीत स्पेझिया येथे ब्रिटिश उपवकील असलेला कादंबरीकार चार्ल्स लिव्हर याने १८६५ साली टोपणनावाने एका प्रतिष्ठित मासिकात कुकच्या प्रवाशांची यथेच्छ हेटाळणी केली. ऑस्ट्रेलियाने नाकारलेले कैदी इंग्लंड आता इटलीत पाठवीत आहे, अशी अफवा आपण पसरवली असल्याची बढाईदेखील त्यात होती. कुकने छापील उत्तर दिले. रेल्वे आणि आगबोट ही साऱ्या जनतेसाठी निघालेली साधने होत, निवडक लोकांसाठी जग राखून ठेवण्याचे दिवस गेले, अशी त्याची भूमिका होती. वादाची धार पाहिली की ध्यानात येते, भांडण प्रवासाच्या रीतीभातींवर नव्हते. ज्याने पैसे मोजून, साठवून आणले त्याने त्याच चित्रासमोर, त्याच खिडकीत उभे राहावे की नाही, यावर ते होते.

या प्रश्नाला एका माणसाच्या आयुष्याने दिलेले उत्तर मला लिव्हरच्या उपहासापेक्षा अधिक मोलाचे वाटते. लंडनच्या पूर्व भागातील टॉयन्बी हॉल या संस्थेतून १८८८ साली एक मंडळी फ्लॉरेन्सला गेली आणि तीतून एक प्रवासी मंडळ उभे राहिले. सभासद बहुतेक शिक्षक आणि कारकून. ही मंडळी खर्च वाटून घेत, आणि निघण्यापूर्वी त्या देशाच्या कलेवर व इतिहासावर व्याख्याने ऐकत. या मंडळींना इटली दाखवणाऱ्यांत टॉमस ओकी नावाचा एक बुरूड होता. टोपल्या विणणे हा त्याचा पोटाचा धंदा, इटालियन भाषा तो कामातून वेळ काढून शिकला होता. १९१९ साली तो केंब्रिज विद्यापीठात इटालियनचा प्राध्यापक झाला.

गिरणीगावांत मात्र परदेश अजून दूर होता. लँकेशायरच्या प्रत्येक गावी वर्षातून एकदा गिरण्या आठवडाभर बंद राहत आणि सारे गाव ब्लॅकपूलच्या समुद्रावर जाई. त्या आठवड्याचा पगार नसे. म्हणून कुटुंबाला दुहेरी शिल्लक टाकावी लागे, सहलीच्या खर्चाची आणि बुडालेल्या मजुरीची. वर्षभर आठवड्याला वर्गणी भरून सुटीच्या आदल्या दिवशी ती उचलावयाची, अशी मंडळे तेथे गल्लोगल्ली होती. कापडगिरण्यांत बायका आणि वाढती मुलेही कमावत, म्हणून हे साधत असे. खाणीच्या गावांत एकाच्या कमाईवर ते इतके सहज जमत नसे. सहलीच्या इतिहासात स्त्रियांच्या मजुरीचा हा वाटा क्वचितच कोणी नमूद करतो. पगारी रजेचा कायदा झाला तो १९३८ साली.

महायुद्धानंतर, १९५० च्या मे महिन्यात, व्लादिमिर राइट्झ या वृत्तसंस्थेत काम केलेल्या तरुणाने आजीकडून मिळालेल्या तीन हजार पौंडांच्या भांडवलावर कॉर्सिका बेटावरील काल्व्ही येथे विमानाने सहल नेली. राहावयाचे लष्कराच्या जुन्या तंबूंत; विमान, तंबू, जेवण सर्व मिळून ३२ पौंड १० शिलिंग. सरकारने आरंभी केवळ विद्यार्थी आणि शिक्षक यांनाच नेण्याची परवानगी दिली. इंग्लंडात तेव्हा मांसावर शिधापत्रिका होती, आणि काल्व्हीला दिवसातून दोनदा मांसाचे जेवण मिळे. जाहिरातीत त्याचा उल्लेख व्हावा हे स्वाभाविकच. त्या वर्षी श्रमिक पुरुषाची सरासरी कमाई आठवड्याला साडेसात पौंडांच्या घरात होती. मोजमाप काटेकोर नाही, तरी जेमायमाच्या तीन महिन्यांच्या जागी आता चार-साडेचार आठवडे आले होते.

आपल्या देशाचा या कथेशी संबंध जुना आहे. १८७२-७३ साली २२२ दिवसांची पृथ्वीप्रदक्षिणा करताना कुक स्वतः हिंदुस्थानात येऊन गेला, आणि १८८१ साली त्याच्या कंपनीची कचेरी मुंबईत उघडली. ती मूळ ब्रिटिश कंपनी २०१९ च्या सप्टेंबरात बुडाली. त्याच नावाची भारतीय कंपनी तोवर स्वतंत्र झालेली होती. पण आपल्याकडील संसारी माणसाची अडचण निराळीच होती. शिल्लक टाकण्याची सवय आपल्या घरांत पूर्वापार आहे; पोस्टाचे पुस्तक, भिशी, सोने, काही ना काही असतेच. अडले ते परकीय चलनावर. १९५७ च्या सुमारास देशाची परकीय गंगाजळी आटली आणि परदेशी जाणाऱ्याला मिळणारे चलन अगदी मोजके झाले. त्या पिढीतील शिकावयास निघालेल्या कित्येकांच्या आठवणींत खिशातल्या आठ डॉलरांचा उल्लेख येतो. रुपये साठवले तरी त्यांचे पौंड होत नव्हते.

आणि ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले. पौंडाचा भाव १३ रुपये ३३ पैशांवरून २१ रुपयांवर गेला. कोणा गृहस्थाने शंभर पौंडांच्या बेताने १,३३३ रुपये जमवले असतील, तर एका रात्रीत त्याला २,१०० रुपये लागू लागले. कुकने मेणबत्तीचा हिशेब बांधला होता. रुपयाचा भाव बांधणे कोणाच्याच हाती नव्हते.

१ जून २००० पासून परकीय चलनाचा नवा कायदा अमलात आला आणि २००४ साली सामान्य नागरिकाला वर्षाला २५,००० डॉलरपर्यंत बाहेर नेण्याची मोकळीक मिळाली. ही मर्यादा पुढे पुष्कळ वाढली. मराठी कुटुंबे आता युरोपच्या सहलीला जातात. सहल कंपन्यांनी कुकचीच रीत उचलली आहे. व्हिसा, बस, बक्षिशी, दोन्ही वेळचे जेवण, सारे एका आकड्यात. मात्र पुष्कळशा जाहिरातींत हा आकडा दोन तुकड्यांत छापलेला आढळतो, इतके रुपये अधिक इतके युरो. पहिला तुकडा वर्षभर हप्त्याने भरता येतो. दुसऱ्याचे किती रुपये होतील, ते पैसे भरण्याच्या दिवशी कळते.