आहेरात आलेली खार

१९११ साली आयर्लंडच्या लाँगफर्ड परगण्यात, कॅसल फोर्ब्सच्या वाड्यावर, लग्नाच्या आहेरात वेताची एक करंडी आली. झाकण उघडलं तशा आतल्या राखाडी खारी टणाटण उड्या मारत रानात पसार झाल्या. आयर्लंडमधल्या राखाडी खारींची कुळकथा या करंडीपाशी सुरू होते.

राखाडी खारीचं माहेर उत्तर अमेरिकेच्या पूर्वेकडची जंगलं. इंग्लंडमधली पहिली नोंद १८७६ची: चेशरमधल्या हेनबरी पार्कात एक जोडी सोडली गेली. १८९०मध्ये बेडफर्डच्या ड्यूकने वोबर्न अ‍ॅबीत दहा खारी आणल्या आणि त्यांची पिल्लावळ तो स्नेह्यासोबत्यांना भेट देत राहिला. बागेत परदेशी खार बागडणं तेव्हा मोठेपणाचं होतं. केपटाऊनला ती सेसिल ऱ्होड्सने नेली.

फटका बसला तो ब्रिटन-आयर्लंडमधल्या मूळच्या तांबड्या खारीला. कानांवर केसांचे तुरे असलेली ही खार जेमतेम तीनशे ग्रॅमची; राखाडी जवळपास दुप्पट. ओकची तुरट फळं राखाडीला सहज पचतात, तांबडीला नाही. शिवाय देवीसारख्या रोगाचा एक विषाणू राखाडीला बाधत नाही. तांबडीच्या मात्र डोळ्यांभोवती, तोंडाशी, पंजांवर फोड येतात आणि पंधरवड्यात ती मरते.

‘भटाला दिली ओसरी...’ म्हणत राखाडीला बोल लावणं सोपं आहे. पण ओसरी तिने मागितली कुठे होती? २०१६मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांनी डीएनए तपासले, तेव्हा स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनच्या खारींचं नातं थेट इंग्लंडच्या दक्षिण टोकाकडल्या हॅम्पशरशी जुळलं. एवढी मजल काही त्यांनी फांद्याफांद्यांवरून मारलेली नव्हती. माणसानेच त्यांना उचलून नेलं होतं.

१९३७मध्ये ब्रिटनने राखाडी खार आणण्यावर आणि पाळण्यावर बंदी घातली. पुढे १९५०च्या दशकात तर शेपटीमागे एक शिलिंग बक्षीसही दिलं. खारी हटल्या नाहीत.

आयर्लंडमध्ये मात्र एक जुना रहिवासी परतला आहे: पाइन मार्टन, झाडावर सरसर चढणारा, मुंगसासारखा लांबट शिकारी. कातड्यासाठी आणि कोंबड्यांपायी माणसाने त्याला मारून जवळजवळ संपवलं होतं. १९७६च्या कायद्याने त्याला अभय मिळालं. आता मध्य आयर्लंडच्या ज्या रानांत त्याचा वावर वाढला, तिथून राखाडी ओसरली आणि तांबडी पुन्हा दिसू लागली. आहेर देणाऱ्यांना आपल्या रानात आधीपासून काय आहे, एवढं पाहायचं सुचलं असतं तर ती करंडी उघडलीच नसती.