नांदेड-लातूरच्या महाविद्यालयांतील आंतरग्रंथालयीन देवघेव

आपल्याकडे नसलेला ग्रंथ दुसऱ्या ग्रंथालयाकडून ठरावीक मुदतीसाठी मागवून वाचकास उपलब्ध करून देणे, या व्यवहारास ग्रंथालयशास्त्रात आंतरग्रंथालयीन देवघेव म्हणतात; असा ग्रंथ मागणी करणाऱ्या ग्रंथालयाच्या हमीवर येतो आणि तो गहाळ झाल्यास भरपाईही त्यालाच करावी लागते. नांदेड-लातूर भागात महाविद्यालये ज्या विद्यापीठाशी संलग्न, त्याच्या गावाकडे मोठ्या ग्रंथसंग्रहासाठी पाहायचे, अशी परिस्थिती दीर्घकाळ होती, आणि ते गावच वारंवार बदलत गेले. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या पुढाकाराने १९५० मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले, तेव्हा विद्यापीठ होते हैदराबादचे उस्मानिया, ज्याचे शिक्षणमाध्यम त्याच्या थोडेच आधीपर्यंत उर्दू होते. १९५८ मध्ये औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, आणि लातूरचे दयानंद महाविद्यालय (१९६१) व राजर्षी शाहू महाविद्यालय (१९७०) त्याच्याच छत्राखाली वाढले. नांदेडला स्वतःचे विद्यापीठ मिळाले ते १७ सप्टेंबर १९९४ रोजी, म्हणजे मराठवाडा मुक्तिदिनी.

तथापि अंतरापेक्षाही मोठी अडचण माहितीची होती. अनेक ग्रंथालयांतील ग्रंथांची एकत्रित नोंद, म्हणजे संयुक्त सूची, हाताशी नसेल तर मागणीपत्र कोणाच्या नावे पाठवायचे हेच ग्रंथपालास कळत नाही, आणि सारा व्यवहार त्याच्या व्यक्तिगत ओळखीवर अवलंबून राहतो. १९८८ मध्ये दिल्लीत सुरू झालेल्या डेलनेट या ग्रंथालयांच्या जाळ्याने सदस्य ग्रंथालयांची अशी सूची संगणकावर आणली. वार्षिक वर्गणी भरणाऱ्या महाविद्यालयाला तिच्या आधारे दूरच्या ग्रंथालयातील पुस्तकही मागवता येते. इन्फ्लिबनेट या ग्रंथालय-जाळे केंद्राच्या एन-लिस्ट योजनेतून नंतर हजारो ई-नियतकालिके थेट विद्यार्थ्यांच्या पडद्यावर आली. महाविद्यालयांना श्रेणी देणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनात अशा सदस्यत्वाची दखल घेतली जात असल्याने ते उत्साहाने घेतले जाते; त्याचा प्रत्यक्ष वापर किती होतो, हा वेगळा विषय आहे.

या ई-संग्रहांत भरणा मुख्यतः इंग्रजी प्रकाशनांचा असल्यामुळे बंद पडलेली मराठी नियतकालिके किंवा निजामकाळातील अहवाल शोधणाऱ्या संशोधकाला छापील प्रतीवाचून आजही गत्यंतर नाही, आणि ती प्रत शेजारच्या तालुक्यातील महाविद्यालयात असली तरी संयुक्त सूचीत तिची नोंद नसेल तर असून नसल्यासारखीच ठरते. या नोंदी बाहेरची कोणतीही संस्था येऊन करणार नाही; त्या महाविद्यालयांनी स्वतःच केल्या पाहिजेत.